बुरशीचा गंज आणि पांढरेशुभ्र एप्रन

भांडी धुणाऱ्या बाईचे हात कामात असतात आणि कान मोकळे. त्यामुळे किस्से तिच्याकडे आपोआप साठतात. बेसिनमधला एक चंबू धुवून पालथा घालावा, तोवर दोन नवे येऊन उभे राहतात, तसंच यांचं. मी तेरा वर्षं चाकणला एका बुरशीच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुतेय. संध्याकाळी थेरगावात आमच्या सोसायटीच्या बाकावर यातलं एखादं सांगायला घेतलं की बायका कुकर लावायचा विसरतात. शेवटी नात म्हणाली, आजी, तू सांग, मी लिहून घेते. आता मधेच पेन थांबवून विचारते, "हे खरंच झालं?" झालं. लिही.

*

मला कामावर घेतलं कांबळे मॅडमनी. लॅब त्यांची. त्यांचे वडील पिंपरीच्या एका कंपनीत पेंट शॉपला होते, संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत सगळं घर. म्हणून असेल, समोरच्याला आधी बसा म्हणायच्या आणि मग बोलायच्या.

शाळा किती, विचारलं. मी म्हटलं, "शाळेच्या भिंतीवर गोवऱ्या थापल्यात, आत कधी गेले न्हाई."

त्यांनी एक काचेचा चंबू हातात दिला. हा स्वच्छ आहे का सांगा म्हणाल्या. मी नळाखाली धरला, पाणी भरलं, ओतून दिलं आणि उजेडात बघितलं. आत थेंब थेंब चिकटून राहिले होते. मी म्हटलं, तेलकट हाय. स्वच्छ भांड्यावरून पाणी सरळ पडद्यासारखं उतरतं, असं थेंबाथेंबाने अडत नाही.

मॅडम पलीकडे बघून म्हणाल्या, "प्राजक्ता, ऐकलंस? हा तू धुतला होतास."

प्राजक्ता एमएस्सी होती.

*

प्राजक्ता लातूरची. पीएचडी करायला आलेली, बुरशीवर. मी जन्मभर भाकरीवरची, लोणच्यावरची बुरशी टाकून दिली आणि इथे लोक तिला गरम पेटीत ठेवून साखर खाऊ घालत होते. पहिल्याच आठवड्यात काचेच्या दोन ताटल्यांवर काळं आलेलं दिसलं. मला किळस आली. घासून लख्ख केल्या.

प्राजक्ता रडली नाही, पण जेवलीही नाही. त्या ताटल्यांत तिचा दीड महिना होता.

तेव्हापासून मॅडमनी नियम केला. मला वाचता येत नाही, म्हणून ज्याला पांढरी टेप लावलेली असेल त्याला आजींनी हात लावायचा नाही. नियम इतका अंगात मुरला की घरी सुनेने भाज्यांच्या जुड्यांची पांढरी टेप काढून लोणच्याच्या बरणीला चिकटवली, तर ते लोणचं पार खराब झालं तरी मी झाकण उघडलं नाही. सून म्हणाली, आई, वास येतोय, टाकलं का नाही?

मी म्हटलं, "टेप हाय. आधी कुणाचं काम चाललंय ते विचार."

*

एकदा मी मॅडमना विचारलं, एवढं करता ते नेमकं काय शोधता?

त्या म्हणाल्या, लोखंडाला हवा लागली की गंज चढतो ना, तसाच जिवाच्या आतल्या प्रोटीनला चढतो. बुरशीलाही. मग बुरशीकडे एक एन्झाइम असतं, ते हा गंज काढतं. बिघडलेलं प्रोटीन ती लगेच फेकून देत नाही, दुरुस्त करून परत कामाला लावते.

मी म्हटलं, म्हणजे तांब्याच्या घागरीला चिंच लावतो तसं.

"जवळपास," त्या म्हणाल्या. "पण चिंचेने काळ्याबरोबर थोडं तांबंही जातं. या एन्झाइमने काही जात नाही. होतं तसं परत."

मला ते पटलं, पण भांडीवालीच्या डोक्यात दुसरंच आलं. मी घागर घासते तेव्हा काळं माझ्या हाताला लागतं. मग मी विचारलं, "गंज काढता काढता ते एन्झाइम स्वतः मळत असंल की. त्याला कोण धुतं?"

मॅडम हसायला लागल्या. त्याला धुणारं दुसरं प्रोटीन असतं, म्हणाल्या, आणि हा प्रश्न विचारायला प्राजक्ताला दीड वर्ष लागलं.

प्राजक्ताने मान वर केली नाही. "सव्वा," म्हणाली.

*

आता गायकवाड. आमचे स्टोअरवाले, मूळचे मावळातले. केमिकलच्या फ्रिजवर त्यांचा भारी जीव. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. त्या दिवशी फ्रिजची थंडी जाऊ नये म्हणून ते दाराला खुर्ची लावून बसायचे. कुणाला उघडू द्यायचे नाहीत. मॅडमनाही नाही.

एका गुरुवारी मॅडमना एक बाटली हवीच होती. "राहू द्या ना मॅडम, लाइट आली की देतो," असं तीनदा झालं. चौथ्यांदा मॅडमनी स्वतःच दार उघडलं. बाटल्यांच्या मागे स्टीलचा डबा. डब्यात खरवस.

केमिकलच्या फ्रिजमध्ये खायचं ठेवणं म्हणजे आमच्याकडे खून केल्यासारखं. मॅडमनी फ्रिजला कुलूप लावलं, चावी गायकवाडांकडेच दिली आणि सांगितलं, यापुढे आत काय जातं आणि बाहेर काय येतं त्याची जबाबदारी तुमची. चार दिवस चावी त्यांच्या खिशात होती. मग कुणी मागितलं की दर वेळी उठायचा कंटाळा, म्हणून खुर्चीमागच्या खिळ्याला लटकली.

खिळा बरोबर माझ्या हाताच्या उंचीवर होता. हे लक्षात ठेवा.

*

प्राजक्ताचं बोट काचेने कापलं, तेव्हाची गोष्ट. पट्टी बांधली, पण एप्रनवर रक्त सांडलेलं. तिने हातमोजे घातले, फ्रिजमधून लाल झाकणाची काळपट बाटली काढली आणि एक थेंब डागावर सोडला. फसफस फेस आला, पुसलं, डाग गायब.

मी पन्नास वर्षं डाग काढलेत. साबण, लिंबू, ऊन, सगळं केलंय. असला चमत्कार बघितला नव्हता.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत आमच्या लॅबचे एप्रन बगळ्यासारखे पांढरे दिसायला लागले. शेजारच्या युनिटमधले लोक विचारायचे, पावडर कुठली वापरता? मॅडम म्हणायच्या, "पावडर नाही, आमच्या आजींचा हात आहे."

मी काही बोलायचे नाही. मोठेपणा मिळाला की माणूस गप्प बसतं.

*

त्याच तीन महिन्यांत प्राजक्ता वाळत चालली.

तिचं काम असं होतं. दोन बुरश्या. एकीत गंज काढणारं एन्झाइम आहे, दुसरीतलं तिने काढून टाकलेलं. दोघींवर गंज चढवणारं केमिकल घालायचं. पहिली जगली आणि दुसरी मेली की सिद्ध झालं, वाचवणारं ते एन्झाइमच. सगळी पीएचडी या एका मरणावर अडलेली.

आणि दुसरी मरेना. दोघी जावा-जावा एका ताटलीत खाऊन-पिऊन गुबगुबीत.

महिनाअखेर कमिटी येणार होती. दाखवायला काही नसेल तर शिष्यवृत्ती बंद, बॅग भरून लातूर. मॅडमना वाटत होतं, एन्झाइम काढलं तेव्हाच काही चुकलं असणार. म्हणजे दोन वर्षांचं काम पहिल्यापासून.

एका दुपारी ती डबा न उघडता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, दुप्पट घातलं, तिप्पट घातलं, तरी मरंना की हो."

मी विचारलं, काय घालतेस?

तिने टेबलाकडे बोट केलं. काळपट बाटली, लाल झाकण.

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. खिळ्यावरची चावी घेऊन त्या बाटलीतलं मी दर शनिवारी वाटीभर काढायचे, एप्रनसाठी. आणि चोरी नको वाटायला म्हणून तेवढंच पाणी परत घालायचे. लॅबमधलं स्वच्छ, गाळलेलं, चांगल्यातलं पाणी. बाटलीची पातळी मी एक बोटभरही हलू दिली नव्हती. बाटलीला टेपही नव्हती.

*

मॅडमच्या केबिनमध्ये गेले. गायकवाड तिथेच होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मॅडम बसा म्हणाल्या, पण मी बसले नाही.

गायकवाड म्हणाले, "मॅडम, ह्यांना घरी बसवा. वय झालं. दुसरी बाई बघू, शिकलेली."

मॅडमनी माझा हात हातात घेतला. त्या केमिकलने बोटांची टोकं पांढरी पडलेली, तीन महिने चुरचुरत होती. हातमोज्यातून काचेचा चिकटपणा कळत नाही, म्हणून मी ते घालत नव्हते. मॅडम बोटं बघत राहिल्या.

"हे रोज समोर होतं," म्हणाल्या, "आणि आम्ही जीनमध्ये शोधत बसलो. बाटलीचा जोर तपासायचा असतो, तेही कुणी केलं नाही."

नवी सीलबंद बाटली निघाली. प्राजक्ताने जोर तपासला, ताटल्या लावल्या. तीन दिवस मी नेहमीसारखी कामावर गेले, पण डबा परत तसाच घरी न्यायचे. गायकवाड फोनवर नव्या बाईची चौकशी करत होते, मला ऐकू येईल इतक्या आवाजात.

चौथ्या दिवशी सकाळी प्राजक्ता बेसिनपाशी आली. माझ्यासमोर एक ताटली ठेवली. पांढरी टेप काढलेली. अर्ध्या भागात बुरशीचं रान माजलेलं, उरलेला अर्धा कोरा, आरशासारखा.

"फोटो काढले," म्हणाली. "काम झालं. आजी, ही आता घासा."

मी घासली. पाणी ओतून उजेडात धरली. पडद्यासारखं उतरलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. गायकवाडांच्या खुर्चीमागे गेल्या, खिळ्यावरची चावी काढली, माझा ओला पदर हातात घेतला आणि त्याच्या टोकाला चावी बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

गायकवाड उठून उभे राहिले. "अहो मॅडम, ह्यांच्याकडं?"

मॅडम आपल्या केबिनमध्ये निघूनही गेल्या होत्या.

चावी अजून माझ्याकडेच आहे. गायकवाडांना त्या बाटलीचं काम पडलं की बेसिनपाशी येऊन उभे राहतात. मी हात पुसते आणि विचारते, "किती पायजे? आणि कशाला?"