हळदीचं बोट

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात सुंठ घातलेल्या चहाचा कप होता. तो तसाच निवला... आता महिन्याभरानं लिहायला बसलेय, तर डोळ्यांत पाण्याआधी हसूच येतंय. बाई होतीच तशी.

साठच्या दशकात पुण्यातल्या एका कॉलेजात आम्ही दोघी औषधांवर संशोधन करत होतो. वसुधा मुळशीतल्या रिहे गावची. सुंठ खाल्ली की अंगात ऊब का येते, याचा तिला ध्यास. सुंठीनं रक्तवाहिन्या सैलावतात, असं तिचं म्हणणं. बेडकाच्या रक्तवाहिन्यांतून मिठाचं पाणी सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला थेंब पडताना बघायचे, एवढाच प्रयोग. वाहिन्या सैलावल्या की थेंब भराभर पडत. घरच्या सुंठीचा अर्क घातला की थेंबांची अशी लगबग उडे, की वसुधा हातातल्या चिमट्यानं ताल धरायची.

मग तिच्या काकींनी नवी सुंठ पाठवली आणि थेंब उलट रेंगाळायलाच लागले. पुन्हा करून पाहिलं, तेच. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "शनिवारी माझ्यासमोर दाखवा. नाहीतर सुंठ स्वयंपाकघरात आणि तुम्ही दुसऱ्या विषयाकडे." वसुधाचं तोंड एवढंसं झालं. तिची सगळी मेहनत त्या थेंबांवर टांगलेली होती.

त्या दुपारी ओल्या हातांनीच मी सुंठीची पुरचुंडी बांधत होते. फडक्यावर काकींनी शकुनाचं हळदीचं बोट लावलं होतं. ते बघता बघता लालभडक झालं! बेडकाचं रक्त लागलं समजून मी किंचाळले. वसुधानं पुरचुंडी ओढून घेतली, निरखली आणि खो खो हसत सुटली.

"रक्त कसलं गं, कुंकू झालंय! हळदीला चुना लागलाय. ही सुंठ चुन्यात घोळलेली आहे!"

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही रिह्यात. काकी अंगणात भात वाळवत होत्या.

"काकी, सुंठीला चुना लावलास?"

"व्हय, मंग! न्हाईतर किडं पडत्यात. कालिजात जायची म्हून लई निगुतीनं लावला."

"अगं, चुन्यानं बेडकाच्या शिरा आवळतात!"

"मंग त्याला म्हनावं, जरा ऐसपैस बस." असं म्हणत काकींनी घरच्या काढ्यासाठी ठेवलेली बिनचुन्याची सुंठ आणून दिली.

शनिवारी सर वाकून बघत होते. आधी एकेक थेंब, सावकाश... आणि मग ती ओळखीची लगबग. सरांचं पेन टेबलावर ताल धरायला लागलं. वसुधानं माझा हात इतका करकचून दाबला की माझ्याच शिरा आवळल्या.

पुढं ती मोठी प्राध्यापक झाली, पण सुंठ घेताना ओल्या हळदीचं बोट लावून बघायची सवय सुटली नाही. लाल झालं की दुकानदाराची शिकवणी सुरू. दर हिवाळ्यात मला पारखलेल्या सुंठीचा डबा यायचा.

यंदाचाही आला होता. परवा उघडला. सगळ्यात वरच्या तुकड्यावर तिचं बोट उमटलेलं, पिवळंधमक. मी खूप रडले. मग चहा टाकला... सुंठ मात्र त्या तुकड्याच्या खालची घेतली.