दाराजवळची जागा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आमच्या डाव्या अभ्यासमंडळातले बहुतेक आता गेले. उरलेल्यांच्या आठवणीत दोष अजून त्याच्याच माथी आहे, म्हणून लिहितो.

दूधविनायकाच्या गल्लीतले तो आणि मी, आम्ही दोघंच मंडळात मराठी घरांतले. बाकी मंडळ सगळं हिंदी बोलणारं. तेव्हा विणकरांचा संप चालू होता. मंगला गौरीच्या पायऱ्यांवर बसून मी त्याला म्हणालो होतो, मालक देतात तेवढी वाढ आत्ता घ्यावी, लोक उपाशी आहेत, बाकीचं पुढे लढून मिळवू. त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यानेच ते मांडलं. मंडळाच्या सचिवांचा चेहरा कठोर झाला. ते काही बोलण्याआधी मीच म्हणालो, "ये तो सीधा संशोधनवाद है."

शब्द मी नुकताच एका पत्रकात वाचला होता. पुढे कळलं, तो जर्मन समाजवाद्यांच्या भांडणातला. क्रांतीशिवाय, निवडणुका आणि सुधारणांतूनही समाजवाद येईल असं म्हणणाऱ्यांना तो चिकटवला गेला. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती; मूळ सिद्धांतात यांनी फेरफार केला, हा ठपका. रशिया आणि चीनचं बिनसल्यावर ज्याने त्याने तो दुसऱ्याला लावला. आमच्यापर्यंत पोचेतो त्याचा अर्थ एवढाच उरला होता की याच्याशी बोलायचं नाही.

तो माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाला, "अरे, काल तूच तर म्हणालास."

मराठीत, म्हणजे बाकी कुणाला कळू नये. मी खाली बघितलं.

ठपका बसलेल्याला घालवायचं नाही, तो नाहीच असं वागायचं, ही मंडळाची रीत. तो येत राहिला, दाराजवळ बसत राहिला. चहाचे कुल्हड त्याला वगळून फिरायचे. तो बोलू लागला की कुणीतरी त्याचं बोलणं चालू असतानाच दुसरा विषय काढायचं. न बघण्याची इतकी सवय झाली की एकदा सहज तिकडे लक्ष गेलं तर जागा रिकामी, आणि तो कधीपासून येत नाही हे कुणालाच सांगता येईना. सचिव म्हणाले, कालच त्याचा खोकला ऐकला. चौकशी केली, तर तो केव्हाच नदीपलीकडे रामनगरला राहायला गेला होता.

अजूनही संध्याकाळी वाचत बसलो की दाराजवळ कुणीतरी घसा खाकरतं. आता मी दर वेळी वर बघतो.

गेल्या हिवाळ्यात पूल ओलांडून रामनगरला गेलो. तो ओट्यावर उन्हात पेपर वाचत होता. त्याने मान वर केली. नजर माझ्यावर आली आणि कुठेही न अडता मागच्या भिंतीवर गेली. आतून सुनेने विचारलं, "बाबूजी, कोई आया है का?"

"कोई नहीं."

माझी सावली त्याच्या पेपरावर पडली होती. त्याने पेपर तेवढा उन्हात सरकवला आणि पान उलटलं.

वाटभर घोकलेलं वाक्य म्हणायला माझे ओठ हलले. आवाज निघाला नाही. वाक्य मराठीतच होतं: ते मत माझं होतं, मला माफ कर.