बाजेसाठी एकोणीसशे त्र्याहत्तर विटा

ढीग जितका मोठा तितका वाटायला सोपा, असं तुम्हीही मानता ना? मग बसा मिरजगावच्या कारभारीच्या पंगतीला. त्याचंही हेच मत होतं, आणि मत मिशीइतकंच ताठ.

कारभारी आणि केशरबाई या नवराबायकोची विटांची भट्टी. चिखल दोघं तुडवत, विटा दोघं थापत. पण गिऱ्हाईक आलं की बाजेवर बसून सौदा करायचा तो कारभारीनंच. केशरबाईला ती बाज हवी होती. मागितली की हा गुरगुरायचा, "थप्पी लावायला अक्कल लागती. कितीबी इटा दे, सारख्या रांगा लावून दावतो!" सारख्या रांगांचाच रिवाज होता, एक रांग मोजली की थप्पी मोजली.

त्र्याहत्तरची दिवाळी सरली. लेक पुष्पावतीनं भज्यांच्या पुडीचा जुना कागद वाचला: अमेरिकेत यंत्रानं सहा हजार आकडी मूळ संख्या शोधली, तिचे सारखे भाग पडतच नाहीत.

"मंग आसली एखादी आपल्या भट्टीतबी आसंल की गं!" केशरबाई म्हणाली. मायलेकींनी चिंचोके घेतले, चालू सालाचाच आकडा धरला. दोन रांगा, तीन, सात, अकरा... जमेना. चव्वेचाळीसवर पुष्पावती थांबली. "आता बस, आई. ह्याच्यापुढं रांगा वाढवल्या तर एकेका रांगेत चव्वेचाळीसापेक्षा कमीच चिंचोके येतील. ते आकडे तर आपण बघितलेच."

सकाळी केशरबाईनं पदर खोचला. "अवो, एकोनीसशे त्र्याहत्तर इटा. सारख्या रांगा लावा. न्हाई जमलं, तर हंगामभर बाज माजी, चूल तुमची."

"एवढ्या ढिगाला छप्पन्न वाटा!" कारभारी हसला.

दोन रांगा लावल्या, एक वीट उरली. चार लावल्या, एक उरली. सतरा लावल्या, पुन्हा तीच. तीन लावायला गेला तर एक कमी पडली.

गाडीवान भिमाजी खदखदला, "कारभारी, ती इट तुज्या सासुरवाडीची दिसती. ऐकायची न्हाई!"

कारभारी पेटला. आणि एकाएकी ओरडला, "एकच रांग लावतो की! मंग काय उरंल?" भट्टीपासून निघाला तो वीट मांडत मांडत पार एसटीच्या थांब्याकडं. उन्हं कलल्यावर घामानं निथळत परतला. "लागली! जितलो!"

"जितलात," बाजेवरनं केशरबाई म्हणाली. "एक रांग न्हाईतर एकेका इटेची रांग, दुसरं कायच चालत न्हाई त्या आकड्याला. पर तुमी तिकडं आन् पाव्हनं इकडं. मालक कुठं, इचारत हुते. म्हनलं, ही काय बसलीया. सौदा झाला. आता रांगंतल्या इटा उचला, भिमाजीच्या गाडीत भरायच्यात."

"आन् भाकर?"

"मला उठता येत न्हाई. गिऱ्हाईक येतंया."

पैज कारभारीनं जिंकली, बाज केशरबाईनं. पुढचं गिऱ्हाईक "बाई हायेत का?" विचारतच आलं, आणि कारभारी पीठ मळता मळता "हायेत, बसा" म्हणाला. भाकरी बरी थापतो म्हणे. हात विटांचाच ना!

खोटं वाटत असेल तर एवढं करा. मूठभर चिंचोके घ्या, तेवीस मोजा, सारख्या रांगा लावा. एकच रांग लागली, तर तुमच्या घरची बाज आज कोणासाठी मोकळी करायची ते ओळखा, आणि मुकाट्यानं उठा.