माळावरचा उत्तरेचा बाण

आमच्या जिल्ह्याखाली पृथ्वीचं कवच किती जाड आहे, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मी भूकंपशास्त्र शिकत होते तिथल्या नकाशात कवचाचा तळ दाखवणारी रेघ दोन्ही बाजूंनी ठळक यायची आणि परभणी आली की तुटक व्हायची. तुटक म्हणजे अंदाजे. ते बघून माझं डोकं फिरायचं. आमच्याकडं लाईट अंदाजे, एसटी अंदाजे, आता पायाखालची जमीनही अंदाजेच का? सरांनी नव्या भूकंपमापकासाठी जागा शोधायला सांगितलं तेव्हा मी सरळ राणीसावरगावजवळचा आमचाच माळ सांगून टाकला.

माळ बरा होता. रस्ता लांब, खाली अखंड काळा खडक. छातीइतका खड्डा घेतला, तळाला सिमेंट, त्यावर यंत्र, वर झाकण आणि झाकणावर फरशी. जगात कुठंही मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आमच्या माळाखाली येतात. कवचाच्या तळाशी एका लाटेच्या दोन होतात, एक झपाट्यानं वर येते, दुसरी मागं रेंगाळते. गंगाखेडहून एकदमच निघालेली मोटारसायकल आणि सायकल दारात किती वेळानं मागंपुढं पोचली, त्यावरून गंगाखेड किती लांब ते काढता येतं, तशीच या दोन लाटांवरून कवचाची जाडी. पण एका भूकंपावर भागत नाही. वर्षभर यंत्र शांत ठिकाणी ठेवावं लागतं.

यंत्राचं तोंड बरोबर उत्तरेला लावतात. पुढं येणाऱ्याला दिशा कळावी म्हणून मी फरशीवर जाड बाण काढला. दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावायचा शेंदरी रंग तेवढा शिल्लक होता, तोच आणला. उन्हानं तो ओघळला. मी हात धुतले आणि परत गेले.

याच मातीत वाढलेल्या बाईला एवढं कळू नये? माळावर एकटा दगड आणि त्याला शेंदूर. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

दोन महिन्यांनी सरांनी मला बोलावून पडद्यावर दाखवलं. रोज सकाळी धाडधाड ठोके, आणि शनिवारी तर जमीन एका बाजूला कलल्यासारखी.

"तुमचे गावकरी करतायत काय तिथं?" सर म्हणाले. "पंधरा दिवसांत थांबलं नाही तर यंत्र काढून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ. तुमचा भाग राहू दे तुटक."

ते 'राहू दे' मला लय झोंबलं. त्याच दिवशी मी गाडीत बसले.

माळावर आले तर फरशीवर नारळ फुटायलेले. बायका फेऱ्या मारायलेल्या, पुरुष फरशीला खेटून भजनाला बसलेले. एवढी माणसं एका जागी बसली की खडकसुद्धा केसभर झुकतो, आणि यंत्राला ते कळतं. सगळ्यांच्या पुढं ताट घेऊन माझी माय.

"माय, हे यंत्र हाय. रंग मी लावलाय."

"लावला असशील," माय म्हणाली. "हात तुझा, पर बुद्धी कुणी दिली?"

शेजारची म्हातारी म्हणाली, "पार तिकडं समुद्रापल्याड भुई हालली तरी ह्याला कळतंय म्हनं. मग देव न्हाई तर काय?"

दोन दिवस सगळ्यांना समजावलं. सगळे माना डोलवायचे आणि सकाळी पुन्हा नारळ. सर फोनवर म्हणाले, कुंपण घाल, पोलिसांना कळव. मी म्हणाले, माझ्याच मायला पोलीस लावू? बिलकुल नाही. आणि यंत्रही हलणार नाही.

शनिवारी सगळे जमल्यावर मी थिनरची बाटली आणि फडकं घेऊन फरशीपाशी बसले. मायनं माझं मनगट धरलं.

"बाई, शेंदूर पुसू नगं. तुझ्या जिवावर बेतंल."

"मीच लावला, मीच पुसते. कोपायचं असंल तर माझ्यावर कोपू दे. सगळ्यांदेखत सांगते."

पुसला. देवाची भीती नव्हती, पण मायच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मग त्याच जागी डांबरानं काळा बाण काढला. लोक दोन पावलं मागं सरले. कुणीतरी टाळ उचलले आणि एकेक जण निघून गेला. रात्री मायनं मला वाढलं आणि स्वतः न जेवता झोपली.

नारळ थांबले. पुढं कुठल्याशा समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि आमच्या माळाखाली पहिल्या लाटेमागं दुसरी स्वच्छ दिसली. मग आणखी भूकंप, आणखी जोड्या. वर्ष सरल्यावर परभणीखालची तुटक रेघ मी स्वतःच्या हातानं ठळक केली. बाहेर जाऊन ढसाढसा रडले.

सर खूश होते. फक्त पडद्यावरची एक जागा दाखवून म्हणाले, "हे काय? रोज सकाळी सहाला कुणीतरी एकटं चालत येतं. थोडा वेळ थांबतं, परत जातं. त्या शनिवारनंतर एक दिवस खाडा नाही."

मी ठोके मोठे करून बघितले. डावं पाऊल जड, उजवं हलकं. उजव्या गुडघ्यानं मायला दोन वर्षं हैराण केलंय. फोनवर ती एवढंच विचारायची, बरी हायीस ना. मी पुसलेल्या दगडाकडं ती रोज माझ्यासाठी माफी मागायला जात होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"जे कुणी असतील त्यांना सांग, लांब राहा म्हणावं," सर म्हणाले.

"न्हाई सांगणार," मी म्हणाले. "बारीक ठोके आहेत, भूकंपाच्या लाटांच्या आड येत नाहीत, मी गाळून घेते. माझी माय हाय ती. ती येणार."