एका पांढऱ्या डोळ्याचा झोंबी

त्सुबोई एइसाकु. जन्म शोवाचे एकोणिसावे वर्ष, इसवी सन १९४४, क्योटो. मृत्यू हेइसेईचे सव्विसावे वर्ष, इसवी सन २०१४, टोकियोतील नेरिमा. पत्नी तोयो, अपत्य नाही. व्यवसाय, त्यांच्याच शब्दांत, "कापून घेणे".

या व्यवसायाविषयी आधी थोडे सांगणे क्रमप्राप्त आहे. जुन्या काळच्या तलवारपटांत नायक एकटा असतो आणि त्याच्यावर चालून येणारे अनेक असतात. नायकाचे नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते. चालून येणाऱ्यांचे बहुधा येतच नाही. तथापि नायकाच्या हातातली तलवार धारदार वाटते ती या अनेकांमुळेच. एक जण ओरडत पुढे येतो, कापला जातो, पाठीची कमान करून कोसळतो. तो जमिनीला टेकेपर्यंत दुसरा पाऊल उचलत नाही. त्सुबोई तरुणपणापासून हेच करीत आले. वार करण्यापूर्वी नायक श्वास आत ओढतो. तो श्वास आणि पात्याच्या टोकाची चमक या दोहोंवर त्यांचे पडणे बेतलेले असे.

स्वभावाने मात्र हा माणूस पडून राहणारा नव्हता. दोन दृश्यांच्या मधल्या वेळेत इतर मुडदे सावलीत झोपा काढीत, तेव्हा त्सुबोई येरझारा घालीत. मानेवरचा टॉवेल घडी करीत, उलगडीत, पुन्हा घडी करीत. बसले तरी गुडघा हलत राही. तोयोबाई म्हणत, "अहो, तुम्हाला मरायचे पैसे मिळतात ते बरंय. बसायचे मिळाले असते तर आपण उपाशी मेलो असतो."

पुढे दूरचित्रवाणीवरच्या तलवारमालिका एकेक करून बंद पडल्या. क्योटोत काम उरले नाही, म्हणून उतारवयात हे जोडपे टोकियोला आले. तेथे त्या सुमारास व्हिडिओ गेमवरून स्वस्तात झोंबीपट काढण्याची लाट होती. चित्रपटगृहात ते आठवडाभर टिकत, नंतर डीव्हीडीच्या दुकानात खालच्या कप्प्यात जात. अशा चित्रपटांना मुडद्यांची गर्दी पुरवण्याचे काम माझ्याकडे होते. त्सुबोईंची व माझी ओळख तेथली.

तोयोबाईंना या नव्या कामाचा उलगडा होत नसे. "आपल्याकडे तर सगळ्यांना जाळतात. मग हे उठतात कुठून?"

"ते खेळ बनवणाऱ्यांना विचार," त्सुबोई म्हणत. "मला फक्त पडता येतं."

हेइसेईच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे २००७ साली, चिबा प्रांतातल्या एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत असाच एक चित्रपट सुरू झाला. मूळ खेळात लाल रेनकोट घातलेली एक मुलगी तलवारीने मेलेल्यांना कापीत सुटते. कथा म्हणावी अशी एवढीच. दिग्दर्शक कुमागाई यांचे वय चाळिशीच्या आत होते आणि खिशात पैसा बेताचा. नायिका सेगावा मिओरी ही कॅलेंडरवरच्या छायाचित्रांसाठी ओळखली जाणारी मुलगी. तिला तसल्या कामाचा कंटाळा आला होता. हाणामारी स्वतःची स्वतः करणारी नटी व्हायचे तिने ठरवले होते आणि त्यासाठी ती घरी फरशी पुसण्याच्या दांड्याने वारांचा सराव करीत असे.

पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. मी आणलेल्या मुडद्यांत निम्मे जुने तलवारपटवाले होते. कुमागाईंनी खूण करताच मिओरीभोवती झोंबींचा घोळका जमला आणि थांबला. एक पुढे आला, पडला. तो नीट पडल्यावर दुसरा आला.

"थांबा, थांबा!" कुमागाई ओरडले. "हे काय चाललंय? मेलेली माणसं रांग लावतात का?"

"शिस्तीत मेलेली आहेत, साहेब," मागून कोणीतरी म्हणाले.

"त्सुबोईसान, तुम्ही सगळ्यांत वडील. जरा सांगा यांना. भूक लागलीय तुम्हाला! अंगावर पडा तिच्या!"

त्सुबोईंनी मान लववली. परंतु दुसऱ्या खेपेसही ते आपली पाळी येईपर्यंत थांबले, आणि तेही मिओरीच्या समोर, त्यांच्या उजव्या अंगाला ती राहील अशा बेताने. सर्वांनी हे जुनी खोड समजून सोडून दिले. खरे कारण वेगळे होते. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला होता. ही गोष्ट तोयोबाईंखेरीज कोणास ठाऊक नव्हती. एका डोळ्याच्या माणसाला तलवारीजवळ कोणी उभे करणार नाही, आणि तलवारीपासून दूर केलेला त्सुबोई म्हणजे नेरिमातल्या दोन खोल्यांत येरझारा घालणारा म्हातारा, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

त्यात या चित्रपटाच्या तलवारीला पातेच नव्हते. मिओरीच्या हातात नुसती मूठ असे. पाते आणि रक्त नंतर संगणकावर काढायचे होते, कारण खरे रक्त धुवायला वेळ व कपड्यांचा दुसरा संच लागतो. ज्या चमकेवर त्सुबोईंनी जन्मभर अंतर मोजले ती चमक नाहीशी झाली होती. उरला होता तो मिओरीचा श्वास आणि लाल बाही.

यावर त्यांनी एक युक्ती काढली. झोंबींच्या डोळ्यांत पांढरी लेन्स घालीत. तिच्यातून धुक्यातल्यासारखे अंधुक दिसे. त्सुबोई रंगभूषा करणाऱ्या बाईला म्हणाले, "माझ्या डाव्याच डोळ्यात घाल. एक डोळा मेलेला आणि एक जिवंत, जास्त भीती वाटते." कुमागाईंनी आरशात तो चेहरा पाहिला आणि टाळीच वाजवली. "व्वा! हेच हवं होतं मला! त्सुबोईसान, तुम्हाला शेवटी एक स्वतंत्र मरण देतो. अगदी जवळून, फक्त तुमचा चेहरा."

जन्मभरात त्यांना असे मरण मिळालेले नव्हते. त्या दिवशी जेवणाच्या डब्यातला भाताचा गोळा हातात घेऊन ते मैदानभर हिंडत खात होते.

मिओरीला मात्र काहीतरी जाणवले होते. समोर वार करणाऱ्यालाच कापल्या जाणाऱ्याचे डोळे दिसतात. तिने एकदा विचारले, "त्सुबोईसान, तुम्ही माझ्या हाताकडे बघतच नाही. बाहीकडे बघता. का?"

"हात खोटं बोलतो, पोरी. बाही नाही बोलत."

"असलं काहीतरी छान बोलून तुम्ही विषय टाळता."

"चल, श्वास नीट घे. तुझा श्वास कोंबडीसारखा आहे."

"कोंबडीसारखा?"

"वर येतो आणि वरच राहतो. खाली जाऊ दे. मी तुझ्या श्वासावर मरतो, लक्षात ठेव."

मोठ्या झुंडीचे दृश्य शाळेच्या व्यायामगृहात ठरले. खिडक्यांना काळे पडदे लावले होते. त्या सकाळी खेळ बनवणाऱ्या कंपनीचे एक गृहस्थ पाहणीसाठी आले. कोट नीट, बोलणे मऊ. त्यांनी त्सुबोईंकडे बराच वेळ पाहिले आणि कुमागाईंना म्हणाले, "क्षमा असावी, पण आमच्या खेळात दोन्ही डोळे पांढरे असतात. खेळणारी मुलं फार बारकाईने बघतात."

कुमागाईंचा चेहरा पडला, परंतु चित्रपटाचे हक्क त्या गृहस्थांच्या कंपनीचे होते. "त्सुबोईसान, तेवढी दुसरी लेन्स घाला."

या क्षणी त्सुबोईंना एक शब्द बोलता आला असता. तो बोलताच पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे काम संपले. त्यांनी दुसरी लेन्स घातली. टॉवेलची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. रंगभूषेच्या बाईने त्यांना स्थिर बसण्यास तीनदा बजावले.

दृश्य सुरू झाले. कथेनुसार तोवर मिओरीचा रेनकोट फाटून गेलेला होता. ती काळ्या बनियनमध्ये होती. लाल बाही नव्हती. झुंडीच्या घोंघाटात श्वासही ऐकू येईना. त्सुबोई पुढे गेले आणि जेथे मागे कोसळायचे तेथे पुढे कोसळले. मिओरीचा हात त्यांचे कपाळ आणि तलवारीची मूठ यांच्यामध्ये सापडला. ती किंचाळली. मनगटाजवळचे हाड मोडले होते.

"सेगावा!" कुमागाई धावत आले. "खूण द्यायच्या आधी हात का फिरवलास?"

आमच्याकडे चित्रीकरणात काही बिघडले की सर्वांत नवा जो असेल तो आधी माफी मागतो. चूक कोणाची, हे नंतर पाहायचे, आणि बहुधा कोणी पाहत नाही. हात बर्फाच्या टॉवेलात गुंडाळून मिओरी एकेकापुढे वाकत फिरली. प्रकाशवाल्यांपुढे, ध्वनिवाल्यांपुढे, मुडद्यांपुढे. शेवटी ती त्सुबोईंपुढे आली आणि कमरेतून वाकली. "माझ्यामुळे तुम्हाला लागलं. माफ करा."

"असू दे, असू दे," त्सुबोई म्हणाले. अशा वेळी म्हणायचे ते शब्द तोंडातून आपोआप आले.

पाठोपाठ त्यांना कुमागाईंचा आवाज ऐकू आला. ते साहाय्यकाला सांगत होते, "बास झालं. हाणामारी सगळी आता बदली मुलीकडून करून घ्या. सेगावाचा फक्त चेहरा."

मिओरीला गाडीत बसवले होते; चालक रुग्णालयाचा रस्ता विचारीत होता. त्सुबोई वऱ्हांड्यात गेले. तेथे मुलांसाठी लावलेल्या ठेंगण्या बेसिनांची रांग होती. त्यांवर जवळजवळ गुडघ्यांत वाकून ते लेन्स काढू लागले. एक निघाली आणि बेसिनात पडली. ती हाताने चाचपीत असताना मी त्यांना पाहिले. मी विचारले, "देऊ का शोधून?" ते म्हणाले, "नको." वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग अर्ध्या पुसलेल्या चेहऱ्यानेच व्यायामगृहात शिरले आणि कुमागाईंसमोर उभे राहिले.

"कुमागाईसान, मुलीची चूक नाही. तिनं वेळेवर हात फिरवला. मला दिसलं नाही."

"लेन्समुळे? अहो, मग तसं सांगायचं!"

"लेन्समुळे उजव्याला. डाव्याला मुळातच दिसत नाही. बरीच वर्षं झाली."

कंपनीचे गृहस्थ आपल्या बुटांकडे पाहू लागले. कुमागाईंनी हळूच विचारले, "म्हणजे तो मेलेला डोळा..."

"मेलेलाच होता. तुम्हाला आवडला, म्हणून बरं वाटलं."

एक प्रकाशवाला हसला आणि लगेच गप्प झाला. त्सुबोई खाली गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावू लागले, तेव्हा कुमागाईंनी त्यांना खांद्याला धरून उठवले. "तसं नका करू. मी धाकटा आहे तुमच्याहून." मग ते म्हणाले, "पण ठेवता येणार नाही तुम्हाला. कळतंय ना? विमावाले मला दारात उभं करणार नाहीत."

"कळतंय. म्हणून तर इतके दिवस बोललो नाही."

"आणि मरण?"

"मुलीला तिची हाणामारी द्या. मरणाचं नंतर बघू."

"पुढच्या भागात," कुमागाई म्हणाले. "पुढचा भाग निघाला की बसून का होईना, तुमचं मरण घेतो. शब्द दिला."

गाडी निघण्याच्या बेतात होती; त्सुबोई तिच्यापर्यंत गेले. गाडीच्या काचेतून त्यांनी मिओरीला काय सांगितले ते कोणास ऐकू आले नाही. ती मात्र मोठ्याने म्हणाली, "मग मला वाकायला का लावलंत? म्हातारा कुठला!" आणि रडू लागली. त्सुबोई वाकले, ते गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत वर झाले नाहीत.

पुढील हकिगत थोडक्यात अशी. बदली मुलगी आणली गेली नाही. मिओरीने उजवा हात कपड्याखाली बांधून उरलेली सर्व मारामारी डाव्या हाताने केली. मूळ खेळातली मुलगी उजव्या हाताची असल्याबद्दल खेळाच्या चाहत्यांनी रागाने पुष्कळ लिहिले. त्यानंतर मिओरीला डावखुऱ्या तलवारबाजीची कामे येऊ लागली व त्यांवर तिचे बरे चालले. त्सुबोईंना पुन्हा कोणत्याही चित्रपटात काम मिळाले नाही. ते नेरिमातल्या उद्यानात रोज सकाळी चालत. एकाच बाजूला नजर असल्यामुळे त्यांचे फेरे हळूहळू उजवीकडे वळत जात, आणि ओळखीचे लोक त्यांना वाट करून देत.

पुढचा भाग निघाला नाही. खेळाच्या कंपनीने हक्क दुसरीकडे दिले. त्यात कुमागाईंचा दोष नव्हता. त्यांनी दुसऱ्या दोन चित्रपटांत त्सुबोईंना बसून मरण्याचे काम देण्याची खटपट केली, परंतु विम्याचे उत्तर प्रत्येक वेळी तेच आले.

त्सुबोई यकृताच्या आजाराने वारले. मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मिओरी व कुमागाई आले. मिओरीने धूप लावला आणि हात जोडले. चहा घेताना तोयोबाईंनी विचारले, "त्यांचं शेवटचं काम मी पाहिलंच नाही. कसे मेले त्यात?"

मिओरी अवघडली. मग म्हणाली, "मेले नाहीत. सुरुवातीला तीन-चारदा दिसतात, गर्दीत, पडून पुन्हा उठताना. नंतर त्यांना मारणारं दृश्यच घेतलं नाही. चित्रपट संपतो तेव्हा ते अजून त्या शाळेत फिरत असणार."

"फिरू दे," तोयोबाई म्हणाल्या. "घरात तरी कुठे एका जागी बसायचे."

पाहुणे उठल्यावर कुमागाई दाराशी थांबले आणि दिलेला शब्द पाळता आला नाही याबद्दल त्यांनी तोयोबाईंची माफी मागितली. तोयोबाईंनी ती स्वीकारली नाही व नाकारलीही नाही; कुमागाईंचे जोडे तेवढे, घालायला सोपे जावेत असे, दाराकडे तोंड करून सरळ ठेवले.