मध्यंतराचा फोन

मध्यंतराचे दिवे लागले रे लागले, की गुरुजी डाव्या कानात बोट घालत, उजव्या कानाला मोबाईल लावत आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात अहिराणीत विचारत, "तुन्हाकडे मध्यंतर व्हयनं का?"

पलीकडे त्यांची बायको असे, जळगावच्या थिएटरात. तोच सिनेमा, तोच दुपारचा खेळ. गुरुजींची शाळा शिंदखेड्याकडे आणि खोली धुळ्यात; बाईही शिक्षिका, पण बोदवडला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. महिन्यातले दोन रविवार गुरुजी बोदवडला जात. उरलेल्या रविवारी दोघं आपापल्या बाजूला सिनेमाला बसत. याला संसार म्हणायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

मी धुळ्यातल्या त्या जुन्या थिएटरचा मॅनेजर. तिकीट घेताना गुरुजी न चुकता बजावत, "खेळ वेळेवर लावा बरं, भाऊ." आमचा खेळ दहा मिनिटं मागे पडला की जळगाव पुढे जाई, आणि बाई फोनवर पुढचं सगळं सांगून टाकत. मग गुरुजी माझ्या टेबलाशी येऊन, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे, मनगटावरचं घड्याळ पुढे धरत. मला रागच यायचा. थिएटर माझं आणि वेळ पाळायची ती जळगावची!

अशात तो चार गोष्टींचा सिनेमा लागला. एकाच तिकिटात चार जोडपी, सगळी मोठ्या शहरांतली. मोबाईलवर भेटायची, कॉफी पिता पिता भांडायची आणि आईबापांना शेवटी कळवायची. आमच्याकडे तो काही चालला नाही. पहिली गोष्ट संपली की निम्मे लोक सिनेमा संपला म्हणून चपला शोधायला लागत.

त्या रविवारी गुरुजी आले, पण वेळेबद्दल काही बोलले नाहीत. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं गुरुजी?"

"आठ दिवस झाले, बोलणं बंद आहे आमचं."

बदलीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणतात, पण जो जिल्हा सोडेल तो तिकडच्या ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यांच्या खाली जातो. गुरुजी मुख्याध्यापक व्हायच्या बेतात होते. बाईंचीही पंधरा वर्षांची नोकरी. "तू ये", "तुम्हीच या" करता करता भांडण पेटलं होतं.

"मग सिनेमाला कशाला आलात?" मी विचारलं.

"ती आली असेल ना! कितीही रागावली तरी आमचा रविवार चुकवणार नाही. आज मध्यंतरात माझा फोन गेला नाही, तर ती समजेल की संपलं सगळं."

 पण गुरुजी धरून चारच तिकिटं गेली होती, आणि दहाच्या खाली आम्ही खेळ लावत नाही. मी कसंबसं तसं सांगितलं. गुरुजी टोपी न घालताच उन्हात बाहेर पडले.

दहा मिनिटांत सहा माणसं घेऊन परतले. समोरची चहावाली अक्का, पंक्चरवाले चाचा, त्यांचे पाहुणे आलेले मेहुणे, रसवंतीवाला आणि बसची वाट बघणाऱ्या दोन बायका. कसं पटवलं देव जाणे, पण गुरुजींच्या भांडणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली होती. मी घड्याळ न बघता खेळ लावला.

पहिली गोष्ट संपली तसे चाचा उठले. "बस? इतनाच?"

"बस रे भाऊ, आजून तीन गोष्टी शेतस," म्हणत अक्काने त्यांना खाली ओढलं.

दुसरी गोष्ट संपली आणि दिवे लागले. सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. मीही दारात येऊन उभा राहिलो. त्यांनी नंबर लावला. या खेपेला कानात बोट घालायची गरज नव्हती, इतकी शांतता होती.

"तुन्हाकडे मध्यंतर व्हयनं का?"

पलीकडचं आम्हाला काही ऐकू आलं नाही.  मग गुरुजी म्हणाले, "अर्ज मी भरसू. यादीमा शेवटला नंबर शे ते शे." आणि आवाज हळू करून, "रडू नको. दुसरी गोष्ट कशी वाटनी, ते सांग."

अक्काने डोळ्यांना पदर लावला. "मन्हा चहा जळी गया व्हई," ती म्हणाली, "पण काय सिनेमा शे!"

बदलीची ऑर्डर यायला पाच-सहा महिने लागले. निघताना गुरुजी भेटायला आले. "बेचाळिसाव्या वर्षी जिल्ह्यातला सगळ्यात नवा मास्तर होणार मी," असं सांगताना स्वारी नवरदेवासारखी खुशीत होती. जाता जाता घड्याळ दाखवायला विसरले नाहीत.

त्यांची मला फार आठवण येते. रविवारी मध्यंतर झालं की थिएटर मुकं वाटतं. खेळ मात्र मी अजून मिनिटाला मिनिट धरून लावतो, कोणासाठी ते विचारू नका.

गेल्या रविवारी दिवे लागले आणि माझाच मोबाईल वाजला.

"भाऊ, तुमच्याकडे मध्यंतर झालं का?"

"झालं की गुरुजी! पण मला कसा काय फोन?"

"अहो, ती शेजारीच बसली आहे. मग फोन करू कोणाला?"

मागून बाईंचा आवाज आला, "हळू बोला ना, लोक पाही राहिनात."