जावेचा जाड आवाज

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं खूप हसलात. मुलं बोलावताहेत, या, असं मी आजोबांना तीनदा सांगितलं आणि त्यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. मग धाकट्या आजीने मागच्या दारातून एकदाच हाक मारली, "भावोजी, पोरांचो फोन आसा!" आणि ते चष्मा सावरत उठून आले. तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "आजी, ते तुझं ऐकतच नाहीत!"

हे वाक्य मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात म्हणत आले आहे. ते चुकीचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. ते कसं, हे तुम्हाला क्रमाने सांगते.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. दर जूनमध्ये आठवीच्या फळ्यावर मी दोन शब्द लिहायचे, हिअर आणि लिसन. पहिला म्हणजे कानावर पडणं, दुसरा म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. मुलं गोंधळायची, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे. कानावर पडलं तरी ऐकलं, आणि सांगितलेलं मानलं तरी ऐकलंच. मी उदाहरणं देऊन फरक समजावायचे आणि वह्या तपासताना चुकांवर लाल खूण करायचे. घरी आल्यावर मात्र मी स्वतः तीच चूक रोज करत होते.

तुमच्या आजोबांचं आयुष्य जेटीजवळच्या आपल्या बर्फाच्या कारखान्यात गेलं, हे तुम्हाला माहीत आहे. लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा बर्फाच्या लाद्या बघायला त्यांच्याबरोबर जायचात आणि दोन मिनिटांत कानांवर हात ठेवून बाहेर पळायचात. आत कंप्रेसर सतत घरघरत असतो. दारापाशी लाद्या फोडून चुरा करणारं मशीन आहे. त्यात लादी पडली की पत्र्याच्या छपरावर दगडांचा पाऊस पडावा तसा आवाज होतो. तो चुरा घसरणीवरून होड्यांच्या पेट्यांत जातो. आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंही विशी लागल्यापासून तिथेच उभे राहिले. संध्याकाळी घरी आले की कानात किडे ओरडतात म्हणायचे. सकाळपर्यंत ते थांबायचे, म्हणून कुणी त्याची फिकीर केली नाही.

तुमची धाकटी आजी म्हणजे त्या धाकट्या भावाची बायको, माझी जाऊ. ती शिरोड्याची. तिचा आवाज पहिल्यापासून जाड आणि घोगरा. लग्नात तिने उखाणा घेतला तेव्हा मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मीही हसले होते. माझा आवाज बारीक आणि स्वच्छ. कॉलेजात मी इंग्रजी कविता म्हणायला उभी राहिले की शेवटच्या बाकापर्यंत एकेक अक्षर पोचायचं. स आणि श यांतला फरक मी मुलांकडून घोटून घेत असे. त्या आवाजाचा मला अभिमान होता, हे कबूल करते.

धाकटे भावोजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. जाऊ शेजारच्या अर्ध्या घरात राहते, दोघींचं मागचं अंगण एकच. ते गेल्यानंतर मला हळूहळू दिसायला लागलं की माझा नवरा तिचं ऐकतो आणि माझं नाही. मी "अहो, ऐकलंत का?" म्हणायचे आणि ते ढिम्म. ती "भावोजी, जेवूक येवा" म्हणाली की ते लगेच उठायचे. मी म्हणायचे, "औषध घेतलंत?" ते म्हणायचे, "पाऊस? खंय पाऊस?" तिला कधी असं उत्तर मिळालं नाही. एकदा तर मी परीक्षाच घेतली. त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून म्हटलं, "घराक आग लागली." त्यांनी पान उलटलं. तेवढ्यात अंगणातून जाऊ म्हणाली, "भावोजी, बांगडे मेळले हो, मोठे आसत," आणि वर्तमानपत्राची घडी झाली.

त्या दिवसापासून मी तिच्या भांड्यात बांगड्याचं कालवण घालणं बंद केलं. तुम्हाला हसू येईल, पण मी मोजायला लागले होते, दिवसभरात किती वेळा तिला उत्तर देतात आणि किती वेळा मला. तिने नवी साडी नेसली की मला वाटायचं, कुणासाठी? ती सत्तरीच्या घरातली, गुडघे दुखणारी बाई, आणि मी तिच्या साडीचा रंग लक्षात ठेवत होते.

शेवटी एकदा तिच्या दारात जाऊन मी म्हटलं, "माझ्या घोवाचे कान भरू नको."

ती खोबरं किसत होती. हात न थांबवता म्हणाली, "भरलेल्या कानांत मी आनी काय भरतलंय, वयनी? ते मशीनान आदीच भरून ठेवलेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय इचारतात? भावोजींक तुमचो आवाज आयकाक येना नाय. बारीक आसा तो. माझो जाडो, म्हणान येता. माझ्या घोवाचा पण तसाच झाला होता. तुमका अजून कळूक नाय?"

मला कळलं नव्हतं. तुम्हाला वाटेल की हे ऐकून माझा जीव हलका झाला असेल. तसं झालं नाही. उलट आधीपेक्षा जास्त जळले. माझ्याच नवऱ्याची ही गोष्ट तिला माझ्याआधी माहीत होती, आणि माहीत होती म्हणून एरवी ती त्यांच्या समोर बसून, हळू, एकेक शब्द बोलत होती. मी बारीक आवाजात पाठीमागून ओरडत होते आणि रुसत होते.

मी त्यांना कुडाळला तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, एका शांत मुलीने त्यांना वेगवेगळे सूर ऐकवले. मग तिने मला कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडे, जाड सुरांपाशी, बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे, बारीक सुरांपाशी, खाली घसरली होती. ती म्हणाली, "जाड आवाज येतात, बारीक गेलेत. स, श, फ अशी अक्षरं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाहीत. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी जातात. मशीनजवळ काम करणाऱ्यांचं असंच होतं."

"परत येतील?"

"गेलेलं येत नाही. पण अजून कारखान्यात जातात ना? असंच चाललं तर उरलंय तेही जाईल. मशीनजवळ असेपर्यंत कान झाकलेच पाहिजेत, पूर्ण वेळ. मध्ये मध्ये उघडले तर फारसा उपयोग नाही."

तेव्हा मला समजलं की प्रश्न माझ्या आवाजाचा आहे. थोडासा अजून पोचत होता. तो राहील की जाईल, ते एका कानटोपीसारख्या वस्तूवर ठरणार होतं.

मी ते कानावर घालायचे मफ आणले. ते त्यांनी हातात घेऊन बघितले आणि बाजूला ठेवले. "कान झाकलंय तर मशीन काय म्हणता, ता माका कसां कळतला? पट्टो सैल झालो, बेअरिंग गेला, सगळा मी कानान वळखतंय."

कंप्रेसर काय म्हणतो ते त्यांना ऐकायचं होतं. मी काय म्हणते ते नाही. आता मी एका लोखंडी यंत्रावरही जळायला लागले. त्याचा पट्टा जरा सैल झाला तर हे धावत जात, आणि माझा घसा बसला तरी यांना पत्ता नसे.

जाऊ सांगेल तर ते ऐकतील, हे मला माहीत होतं. त्यासाठी तिच्याकडे जायला हवं होतं. मी तीन आठवडे गेले नाही. रोज सकाळी ते उघड्या कानांनी कारखान्यात जायचे आणि मी अंगणातून तिच्या दाराकडे बघून आत यायचे. त्या तीन आठवड्यांत काय गेलं ते कुणी मोजलेलं नाही, पण जे काही गेलं असेल ते माझ्यामुळे.

शेवटी गेले. म्हटलं, "तू तेंका सांग. तुझा आयकतत."

ती म्हणाली, "मी सांगलंय तर ते माझ्यासाठी घालतले, आनी तुमी परत माझ्यावर जळतल्यात. नको गे बाय. तुमीच सांगा."

म्हणजे माझं जळणं पण तिला माहीत होतं.

"आवाज पोटातसून काडा," ती म्हणाली. "समोर ऱ्हवा. तोंडार हात नको. वाक्य ल्हान. शाळेत माका पोरां बेडूक म्हणत, वयनी. आता वायच बेडूक जावा."

थोडं बेडूक व्हायचं म्हणून मी दोन दिवस न्हाणीघरात दार लावून जाड आवाजात बोलायचा सराव केला. तिची साडी नेसल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात गेले. चुऱ्याचं मशीन चालू होतं. दोन कामगार लाद्या सरकवत होते, हात लांब केला तर एकमेकांना लागेल इतके जवळ, आणि तरी एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते. जाऊ मला म्हणाली होती की हातभर अंतरावर ओरडावं लागतं तिथे कान जातात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. माझ्या डोळ्यांदेखत ते चाललं होतं.

आजोबांना मी बाहेर, जाळी सुकत घातली होती तिथे बोलावलं. त्यांच्या समोर उभी राहिले आणि पोटातून म्हटलं, "माझो आवाज तुमका अजून वायच येता. तितको तरी ऱ्हवांदे."

त्यांनी "काय?" विचारलं नाही. म्हणाले, "आवाज बसलो काय गो तुजो?"

"नाय."

ते आत गेले. मी दारातून बघितलं, मफ घातले होते. कामगार हसले. आठवडाभराने संध्याकाळी घरी येऊन त्यांनी स्वतःच सांगितलं की बेअरिंगची कुरकुर मफमधूनही कळली, उलट बाकीचा गोंगाट कमी झाल्यामुळे जास्त नीट कळली. मशीनला हरवल्याचा आनंद मला झाला नाही. त्याचं ते अजून ऐकतच होते.

पण पुढे बरंच झालं. घसरणीच्या पत्र्याला आतून जाड रबर लावलं, चुऱ्याच्या मशीनभोवती लाकडी पेटी बसवली, आणि निम्मा गोंगाट तिथेच गेला असं सगळे म्हणतात. मशीनवरची माणसं आता आळीपाळीने बदलतात. कामगारांना फोमची बोंडं दिली. ती बोटांनी बारीक वळायची, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत घालायची आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं, हे मी त्यांना वर्गात शिकवावं तसं शिकवलं. सगळ्यांचे कान आता वर्षातून एकदा तपासतात.

गेल्या महिन्यात आजोबांची पुन्हा तपासणी झाली. मी बाहेर बाकावर बसले होते आणि गेल्या वर्षीचा कागद मांडीवर सरळ करत होते. त्या मुलीने नवा कागद त्याच्या शेजारी धरला. रेघ होती तिथेच होती. जिथे माझा आवाज थोडासा पोचतो, तिथेही खाली गेली नव्हती.

आजोबा बाहेर आले, त्यांनी कागद बघितला, खिशातून फोन काढला आणि पहिला फोन धाकट्या आजीला लावला. फोनवर तिचाच आवाज त्यांना नीट येतो. "रेघ हलूक नाय!" ते सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले. तिकडून ती काहीतरी बोलली आणि ते हसले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

जुनं जळणं परत आलं. मी फोन संपेपर्यंत थांबले, मग उठून त्यांच्या समोर उभी राहिले आणि जाड आवाजात म्हटलं, "आता घराक जावया?"

बाकावरची चार माणसं वळून बघायला लागली.

"व्हय, चल," आजोबा म्हणाले. "आनी वरडतंस कित्याक? आयकाक येता माका."